दुधाला बिल नसतं

मार्चअखेर माझ्या यंत्राच्या निधीचा हिशोब तपासणाऱ्या ऑडिटरनी वही माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर पेन टेकवला. "मॅडम, कन्झ्युमेबल्समध्ये ११,४०० रुपयांचं दूध? बिल कुठंय?"

दूध चहाला नव्हतं, यंत्र तपासायला होतं. उदगीर तालुक्यातलं आमचं गाव आणि शेजारची दोन गावं, पहाटे पाचला गोठ्यात उभं राहायचं, एकेका सडाचं दूध वेगळ्या बाटलीत घ्यायचं, बाटलीवर गायीचं नाव आणि सड लिहायचा. नमुन्याला २० रुपये. असे ५७० नमुने. वहीत सगळ्यांच्या सह्या होत्या, दोघा-तिघांचे अंगठे. ऑडिटर म्हणाले, "यावर जीएसटी नंबर नाही." देवणी गायीला जीएसटी नंबर कुठून आणू, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. रक्कम नामंजूर झाली, खिशातून भरली.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर. वाळूजला भाड्याच्या शेडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी गेज आणि फिक्स्चरची, म्हणजे मापं तपासायच्या आणि भाग पकडून ठेवायच्या साधनांची, कामं घेते. पोट त्यावर चालतं. उरलेल्या वेळात, म्हणजे रात्री, दुधातल्या पेशी मोजायचं यंत्र बनवते. तिसरं वर्ष चालू आहे.

दुधात जनावराच्या स्वतःच्या पेशी उतरतात, त्यात बऱ्याचशा पांढऱ्या पेशी. निरोगी गायीत त्या मिलिलिटरला २ लाखांच्या आत असतात. आकडा त्यापुढे गेला की कासेत दाह सुरू झाला असं धरतात. गंमत अशी की दूध दिसायला झकास असतं. गाठ नाही, रंग नाही, गाय लाथही मारत नाही. लोकांना कळतं ते कास टणक झाल्यावर. मग "दगडी झाली" म्हणतात, आणि तोवर एखादा सड बाद झालेला असतो.

यावर आमच्या आबांची पद्धत सोपी आहे. ताटलीत दूध, त्यात कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी, ताटली गोल फिरवायची. शेंबडासारखं दाट झालं की गाय खराब. यात खरं विज्ञान आहे: पावडर पेशींचं आवरण फोडते, आतला डीएनए बाहेर पडतो आणि त्याची जेली होते. अमेरिकेत १९५७ साली याच तत्त्वावरची कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट आली. पण ताटली फक्त थोडं, बरंच, लई एवढंच सांगते. दीड लाखाचे तीन लाख झाले, हे तिला दिसत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

अशी यंत्रं जगात नाहीत असं नाही. डेन्मार्कची मोठी यंत्रं बड्या प्रयोगशाळांत असतात, हातात मावणारीही मिळतात. बाहेरून येणाऱ्या एका छोट्या यंत्राचं कोटेशन मी आमच्या संकलन केंद्राच्या चेअरमनला दाखवलं. त्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

माझा पहिला प्रयत्न मूर्खपणाचा होता, पण घराणं मोठं होतं. वॉलेस कूल्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला १९५३ साली एका भोकाचं पेटंट मिळालं. मिठाच्या पाण्यात बारीक भोक, त्यातून विजेचा प्रवाह, आणि पेशी भोकातून गेली की प्रवाहाला क्षणभर अडथळा. अडथळे मोजा, पेशी मोजून झाल्या. रक्ततपासणीच्या यंत्रांत हे तत्त्व आजही आहे. मी म्हटलं, भोक तर माझ्या टूलरूमवाल्यालाही पाडता येतं. पाडलं. निरोगी गायीचं दूध सोडलं तर आकडा थांबेचना. दुधातल्या फॅटचे गोळे अर्ध्या मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंतचे, मोठे गोळे थेट पेशींएवढे. माझं यंत्र गायीची तब्येत नाही, साय मोजत होतं. म्हशीच्या दुधाने तर भोकच बुजलं.

मग रंगाकडे वळले. प्रोपिडियम आयोडाइड डीएनएला चिकटतो आणि हिरवा प्रकाश टाकला की लालसर चमकतो. फॅटला डीएनए नसतो, त्यामुळे तो अंधारातच राहतो. जिवंत पेशीत हा रंग शिरत नाही, म्हणून आधी डिटर्जंटने आवरण फोडायचं. म्हणजे फिरून आबांच्या ताटलीपाशीच आले. एक हिरवा एलईडी, एक फिल्टर, साधा कॅमेरा आणि ठिपके मोजणारा प्रोग्रॅम. दिसायला एवढंच.

खरं दुखणं मोजण्यात आहे. माझ्या कॅमेऱ्याला एका वेळी २ मिलिमीटर बाय दीड मिलिमीटर जागा दिसते, खोली १०० मायक्रॉन, म्हणजे ०.३ मायक्रोलिटर. दूध आणि रंग निम्मे-निम्मे, त्यामुळे २ लाखांच्या दुधात एका फोटोत तीसच ठिपके. मोजणीतली चूक साधारण वर्गमुळाएवढी धरायची. तीसचं वर्गमूळ साडेपाच, म्हणजे १८ टक्के इकडे-तिकडे. ही ताटलीच झाली की. चूक ५ टक्क्यांवर आणायची तर ४०० ठिपके हवेत, म्हणजे चौदा फोटो. चौदा फोटो म्हणजे दूध भरलेला कप्पा सरकवणारी मोटर, दर वेळी फोकस आणि जास्त वेळ.

हे गणित सुटलं तर मे महिना आला. कप्पा म्हणजे दोन पातळ अ‍ॅक्रिलिक आणि मध्ये १०० मायक्रॉनची दुतर्फी टेप. गावातल्या पत्र्याच्या खोलीत पारा ४२ वर गेला, टेप मऊ पडली आणि कप्प्याची खोली ११२ मायक्रॉन झाली. खोलीत १२ टक्के फरक म्हणजे आकड्यात सरळ १२ टक्के फरक. आठ दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. शेवटी गेजचंच काम करणाऱ्या बाईने आपलाच कप्पा मोजून पाहिला. तोपर्यंत सुचलं नव्हतं, याची लाज अजून वाटते.

टेप नको तर कप्पा डायमधून, म्हणजे साच्यातून, काढायचा. डायला साडेतीन लाख. इथे निधीची गोष्ट येते. एका योजनेच्या समितीसमोर ऑनलाइन दहा मिनिटं मिळाली होती. त्यांनी विचारलं, यात नवीन काय? पेशी मोजणं जुनं, रंग जुना, कॅमेरा बाजारातला. मी म्हटलं, नवीन हे की ते पत्र्याखाली चालेल. एक सदस्य हसले, वाईट हसले नाहीत. पैसे मिळाले, पण तक्त्यातल्या रकान्यांत: उपकरणं, मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स, प्रवास. परदेशी फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप त्यात लगेच बसला, कारण त्याला बिल असतं. डाय कशातच बसेना. उपकरण म्हणावं तर ती विकत मिळत नाही, कन्झ्युमेबल म्हणावं तर संपत नाही. वाया गेलेल्या २३ कप्प्यांना रकाना नव्हता आणि पहाटेच्या दुधालाही नव्हता. शेवटी एका गाडीच्या ब्रॅकेटच्या गेजचं मोठं काम आलं, त्यातून डायचे पैसे सुटले.

मला त्या समितीचा राग नाही. हिशोब मागणाऱ्याला कागद हवाच. फक्त यंत्र ज्या टप्प्यावर अडतं, तिथलं काहीच विकत आणता येत नाही, आणि तक्ता विकत आणायच्या वस्तूंसाठी केलेला असतो.

आता यंत्राचा तिसरा नमुना आमच्या केंद्रावर बसवलाय. खात्री म्हणून दुधाचे रोजचे दहा नमुने काचपट्टीवर पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली हातानेही मोजते. डोळे जातात, पण आकडे जुळायला लागलेत. म्हशीच्या दुधात अजून घोळ आहे, त्यावर वेगळं लिहीन.

केंद्रात फॅट मशीन मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. का, तर गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो. ज्या आकड्यावर पैसे मिळतात त्याचं यंत्र कुणीही घेतं. पेशींच्या आकड्यावर इथे रुपयाही हलत नाही.

परवा एक काकू बाटली घेऊन आल्या. यंत्राने ६ लाख १० हजार दाखवले. मी समजावलं, मागच्या डाव्या सडाचं वेगळं बघू, डॉक्टरला दाखवू. त्यांनी आकडा दोनदा वाचला, पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "माय, हे चेअरमनला दावू नको. उद्या ह्याच्यावर बी भाव पाडतेत."

मी स्क्रीन भिंतीकडे फिरवली. चेअरमन तेव्हा बाहेर कॅन मोजत होते. आता आकडा केंद्राच्या कॉम्प्युटरवर न पाठवता फक्त मालकाच्या फोनवर जाईल असा बदल करतेय. पुढच्या अर्जात हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते अजून ठरलं नाही.