पिटुनिया परत पिवळी पडली, पण या वेळी चोर सापडला

मागच्या वेळी जिचे फोटो टाकून मिरवलो, ती पिटुनिया आता बघवत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. म्हणजे नत्राची भानगड नाही. नत्र कमी पडलं की आधी खालची पानं जातात. तरी रोपवाटिकेतले काका ‘युरिया मारा’ म्हणून अडून बसले. त्यांची रोपं झकास, सल्ला घेऊ नये.

वाफ्यातली चमचाभर माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं. फस्स करून फेसच आला. चुनखडी! त्यात बोअरचं पाणी जड, कुंड्यांच्या काठांवर पांढरे थर. अशा मातीत लोह असून नसल्यासारखं, मुळांना उचलताच येत नाही. वाफा सतत ओला राहिला की दुखणं आणखी वाढतं, म्हणून पाणी आता दिवसाआड.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) घातली तर तीही या मातीत लगेच निकामी होते. दुकानात ‘चिलेटेड आयर्न’, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह मागितलं की सरळ ईडीटीए या प्रकाराचा पुडा पुढे करतात. ते फवारायला ठीक, पण मातीत पीएच (आम्ल-अल्क मोजणारा आकडा; चुनखडीने तो वाढतो) सातच्या पुढे गेला की त्याचा उपयोग नाही. आपल्याला ‘ईडीडीएचए’ हा दुसरा प्रकारच लागतो, तो पीएच 9 पर्यंत तग धरतो. आपलं सोलापूर डाळिंबाचा जिल्हा म्हणून निदान मिळतं तरी. महाग आहे, पण वाफ्याला थोडंच पुरतं. पाण्यात टाकलं की डिट्टो कोकम सरबत! हात मात्र रंगतात, हातमोजे घाला.

तोवर ईडीटीए लिटरला 1 ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारतोय. काल कडेच्या जांभळ्या रोपाच्या शेंड्याला नखाएवढी दोन पानं आली, शिरांसकट पूर्ण हिरवी. त्या रोपापाशी उगाच बराच वेळ उकिडवा बसलो होतो.

झेंडूला याच मातीत काही होत नाही, बेटा मजेत आहे. कॅलेंडुला कळ्यांवर आलाय. 12 जानेवारीला सोलापूरचा हुतात्मा दिन, पाठोपाठ सिद्धेश्वरांची यात्रा. गड्ड्यावर, म्हणजे या यात्रेच्या जत्रेत आलेली निम्मी पोरंबाळं बागेत येऊन टेकतात. म्हणून पुढच्या रांगेत झेंडू आणि पिटुनिया मागे, असं ठरवलं होतं.

पण लिहिता लिहिता सुचतंय, जमिनीशी भांडायचंच कशाला? विटांचा कठडा करून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेल्या प्रेसमडचा, म्हणजे साखर कारखान्यात रस गाळून उरणाऱ्या मळीचा उंच वाफा केला तर? पिटुनिया मग पुढेच राहील. मळी सल्फिटेशनवाल्या, म्हणजे रस गंधकाच्या धुराने साफ करणाऱ्या कारखान्याचीच हवी. कार्बोनेशनच्या मळीत परत चुनाच. कुणाची कारखान्यावर ओळख असेल तर सांगा. ट्रॉली नको, पाच-सहा पोती बास.