फाग्रादाल्सफ्यालचा लाव्हा बघायला जाताय?

आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावरच्या या ज्वालामुखीपाशी आलेले बहुतेक जण विवर बघायला डोंगर चढतात. आम्ही नाटहागीच्या दरीतच रेंगाळलो. 2021 चा लाव्हा इथे समुद्राच्या दिशेने उतरला आणि 427 क्रमांकाच्या रस्त्याअलीकडेच थांबला. गाडीतून उतरून थोडं चाललं की त्याची कड समोर येते. काळ्या, जाळीदार दगडावर भिंग धरलं तर ऑलिव्हीन या खनिजाचे हिरवट-पिवळे दाणे दिसतात, मधेच प्लॅजिओक्लेज या दुसऱ्या खनिजाचा पांढरा कण.

या दगडांची खरी गंमत डोळ्यांना दिसत नाही. उद्रेक 19 मार्चला सुरू झाला, तेव्हाच्या लाव्ह्यात लॅन्थॅनम आणि इटर्बियम या दोन मूलद्रव्यांचं गुणोत्तर कमी होतं. काही आठवड्यांतच ते चांगलंच वाढलं. वर येताना थोडेफार स्फटिक गळून पडले तरी हे गुणोत्तर फारसं हलत नाही, आणि समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाणही सोबत बदललं. म्हणजे फरक खालच्या प्रावरणातलाच, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातलाच: आधी आला तो पूर्वीच वितळून बरंच काही गमावलेल्या भागाचा रस, मागून आला तो अधिक खोल, अधिक समृद्ध भागाचा. कवचाच्या तळापासून, साधारण 15 किलोमीटर खोलीवरून, मॅग्मा (वितळलेला खडक) उथळ कोठीत न मुरता वर आला, म्हणून हा बदल पुसला गेला नाही.

पण नाटहागीत लाव्हा उतरला तो मे महिन्यात, बदल होऊन गेल्यावर. सुरुवातीचा लाव्हा वर गेल्डिंगादालिरच्या दरीत, जिथे उद्रेक सुरू झाला, नंतरच्या थरांखाली गाडला गेलाय. तेव्हा 'आधीचा-नंतरचा' अशी तुलना करायची असेल, तर उद्रेक चालू असताना गोळा केलेले नमुनेच कुणाकडून मिळवावे लागतील. नुसतं '2021 चा लाव्हा' लिहिलेली पिशवी माझ्या मते निरुपयोगी.

निघण्यापूर्वी हवामान खात्याचे इशारे आणि रस्ता उघडा आहे का, हे त्याच सकाळी बघा. 2023 पासून शेजारी ग्रिंडाविक गावाकडे पुन्हा अनेक उद्रेक झालेत. वारा पडलेला असेल तर खोलगट जागी थांबू नका, तिथे वायू साचतो. लाव्ह्यावर चढू नका. वरचा थर पोकळ असू शकतो. नमुने घ्यायचे तर लेखी परवानगी आधीच काढा.

प्रयोगशाळेत तपासायचा नमुना हाताळताना अंगठी काढून ठेवा, तिचा धातू त्यात मिसळू नये म्हणून. समुद्राचे तुषार लागलेला पृष्ठभाग टाळून आतला ताजा भाग घ्या, नाहीतर स्ट्रॉन्शियमचे आकडे बिघडतात. दळायला टंगस्टन कार्बाइडचं भांडं नको, त्यातून टँटलम आणि कोबाल्ट मिसळतं. अगेटचं (अकीक दगडाचं) मागून घ्या, वेळ जास्त लागला तरी.