तुम्ही विचारलंत म्हणून: राजाच्या कवचाला पळवाट का असते?

मी अद्भुतकथा लिहिते. सोलापुरात शाळेत म्हणा, वाचनालयात म्हणा, कुठंही कथा वाचली की एक प्रश्न येतोच. "मॅडम, राजाभोवती एवढं मंत्रांचं संरक्षण, आणि शेवटी पळवाट निघतेच! ही चीटिंग आहे की!"

पळवाट आधीपासून वाचकासमोर असेल, तर ती चीटिंग नाही. शेक्सपिअरच्या मॅकबेथला दोन अभयं मिळतात. बर्नमचं रान चालून येईपर्यंत तो हरणार नाही, आणि बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही त्याला इजा करू शकणार नाही. रानाचं कोडं मला फार आवडतं, कारण फांद्या तोडून हातात धरायचा हुकूम सैनिकांना सुटतो तेव्हा आपण तिथं असतो. त्याला मारणाऱ्या मॅकडफला मात्र आईचं पोट चिरून काढलेलं होतं, हे कळतं थेट शेवटच्या लढाईत. तिथं मला फसवल्यासारखं वाटतं.

आपल्याकडचे वर याबाबतीत जास्त चोख आहेत. भागवतातला हिरण्यकशिपू ब्रह्मदेवाकडे मागणं मागतो ते पाहा. आत नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. सगळ्या अटी जोडीनं. उंबरठा, तिन्हीसांज आणि मांडी त्या जोड्यांच्या मधेच पडून आहेत, कुणीही उचलावीत.

रावणाची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. रामायणाच्या उत्तरकांडात तो देव, दानव, यक्ष, नाग यांच्यापासून अभय मागतो आणि वर म्हणतो की माणसंबिणसं मला गवतासमान. म्हणजे त्याच्या कवचाला भोक पाडलं त्याच्या तुच्छतेनं. ब्रह्मदेवाला काही करावंच लागलं नाही.

मुलांना घेऊन मी भुईकोट किल्ल्यात जाते. दुहेरी तटबंदी, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. "इथल्या राजापर्यंत कसं पोचाल?" असं विचारलं की पोरं शिड्या, भुयारं, गरुड असलं काहीबाही सांगतात. एकदा सहावीतली एक मुलगी तटाकडे बघत म्हणाली, "त्याला प्यायला पाणी कोण आणून देतंय?"

ते ऐकल्यापासून मी मंत्र लिहिण्याआधी माणसांची यादी करते. पखालवाला, न्हावी, धोबी, ताट वाढणारी बाई. मंत्रानं यांना अडवलं तर राजा उपाशी मरेल, म्हणजे यांना वाट ठेवावीच लागते. मग राजा त्या न्हाव्याशी कसा वागतो, हे पहिल्या दहा पानांत दाखवायचं. पुढची कथा तिथूनच निघते.

एक कवच मात्र बिनफटीचं होतं, अंगराज कर्णाचं. ते भेदता येणार नव्हतं म्हणून तर इंद्राला ब्राह्मण होऊन मागायला यावं लागलं. सूर्यानं कर्णाला आधी सावध केलं होतं, तरी त्यानं ते अंगावरून कापून दिलं. सध्या लिहितेय त्या कथेतल्या राणीला मी तसंच कवच दिलंय. तिच्या दारात मागायला कोण येणार, ते अजून ठरायचंय.