खंडव्याहून इंदूरला, बुलेट घेऊन

जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या. पंधरा वर्षं इतर गाड्या चालवलेल्या माणसाचे पाय नेमकं उलटं शिकलेले असतात. त्यामुळे खंडव्याची 1989 सालची बुलेट घ्यायचं पक्कं झालं, तेव्हा ती घरापर्यंत आणायची कशी, हा प्रश्न होता. मी इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या एकाच मित्राला विचारलं. त्याच्या बाबांकडे अशीच बिडाच्या इंजिनाची बुलेट होती आणि शाळेत असल्यापासून ती पुसायचं काम त्याच्याकडे असे. तो म्हणाला, "सकाळी पाचला तयार राहा. जाड मोजे घाल, घाटात थंडी लागते."

जानेवारीतला रविवार. त्याच्या स्प्लेंडरवर आम्ही दोघं निघालो. त्याच्या पाठीवरची पिशवी माझ्या पोटाला टोचत होती. त्यात प्लग पाना, एक नवा प्लग, क्लचची वायर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या), जुनं धोतर फाडून केलेली फडकी आणि त्याच्या आईने दिलेल्या दशम्या. एवढ्या तयारीने तो माझ्यासाठी निघालाय हे मला सिमरोल मागे पडल्यावर जाणवलं. एकशे तीस किलोमीटर कसे गेले, त्यातलं फारसं काही आठवत नाही, फक्त बोटं बधिर झालेली आठवतात.

गाडीचे मालक काका मराठीच, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक मारणं बंद झालं, म्हणून गाडी विकायची. त्यांनी अंगणात चादर काढून गाडी दाखवली. मी टाकीवरची सोनेरी रेघ बघत बसलो. मित्र सरळ खाली बसला. चेसिसच्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली, उमटलेले आकडे आरसीशी एकेक करून ताडले, मग इंजिनाचा नंबर. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षांची मुदत कधीच संपलेली, पण पुढे दर पाच वर्षांनी काकांनी नूतनीकरण केलं होतं आणि सगळ्या पावत्या एका पिशवीत होत्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 यांवर सह्या झाल्या. मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकांनी चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, तू तीस दिवसांत नावावर करून घ्यायची. विमाही चौदा दिवसांत. आजच तारीख लिहून ठेव." मी लिहून ठेवली.

मग काकांनी किक शिकवली. स्वतः मारता येत नव्हती, म्हणून खुर्चीवर बसून. "आधी सुई बघा. किक हळू दाबा, ॲमीटरची सुई डावीकडे जाईल. ती मध्यावर आली की थांबा. आता डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा हा दांडा, दाबा, किक अगदी थोडी पुढे न्या, सोडा. आता मारा, पूर्ण." घाई केली तर किक उलटी येते आणि पाय मोडू शकतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. काका काहीच बोलले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं इंजिनाच्या ठेक्याने चालली होती.

गावातल्या गर्दीतून बुलेट मित्राने काढली. इंदूर रस्त्यावर किशोरकुमारांच्या समाधीपाशी त्याने क्षणभर हॉर्न दाबला. खंडव्याचा माणूस खंडव्यात परतलेला आहे, त्याला नमस्कार करायलाच हवा, असं त्याचं मत. छैगांव माखनच्या पुढे मोकळा रस्ता लागल्यावर तो उतरला. "आता तू."

पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. टाचेने दाबायचा वेगळा छोटा दांडा, त्याने गाडी न्यूट्रलला येते. हे सगळं तोंडपाठ होतं. तरी दहा मिनिटांतच समोर म्हैस आली आणि मी उजवा पाय दाबला. गाडी थांबली नाही, तिसऱ्यातून चौथ्यात गेली. हँडब्रेक होता म्हणून निभावलं. मित्र स्प्लेंडरवरून शेजारी आला, हेल्मेटची काच वर केली आणि शांतपणे म्हणाला, "पुढची दोन किलोमीटर काही नसतानाच ब्रेक मार. डावा पाय, डावा पाय, म्हणत राहा." मी खरंच मोठ्याने म्हणत गेलो. तो मागून येत राहिला. ताशी चाळीसच्या पुढे मी जात नव्हतो, त्यानेही एकदाही पुढे काढली नाही.

सनावदला चहा घेतला. बेडियाच्या बाजारात जाणाऱ्या मिरचीचा ट्रक शेजारी उभा होता आणि सगळी हवा झोंबत होती. इथून जवळच रावेरखेडी, जिथे 28 एप्रिल 1740 ला थोरले बाजीराव गेले. आम्हा इंदूरच्या मराठी मुलांना हे नाव लहानपणापासून माहीत, आणि मी अजून तिथे गेलेलो नाही याची मला लाज वाटते. गाडीची पुढची फेरी तिकडेच, असं चहा संपायच्या आत ठरलं.

मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा हिरवी आणि संथ. पुलाअलीकडे काठी टेकत काही परिक्रमावासी चालले होते. ते मैया ओलांडत नाहीत, आम्ही ओलांडणार होतो. मित्राने स्प्लेंडर थांबवून हात जोडले, "नर्मदे हर". पलीकडून उत्तर आलं, "नर्मदे हर".

बडवाह सोडलं आणि चढ सुरू झाला. निमाडातून माळव्यात, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीच्या इंदूरकडे. भेरूघाटाच्या वळणांवर ट्रक मुंगीच्या चालीने जात होते. तिथेच बुलेटचा जोर गेला. सायलेन्सरमधून फटफट आवाज, मग धक्के, मग बंद. आधी आम्हाला पेट्रोलचा संशय आला, पण नळी साफ होती. प्लग काढून सिलिंडरच्या पात्यांना टेकवला आणि किक मारली. ठिणगी पडत होती, पण पिवळी आणि मरगळलेली. "पॉइंट," मित्र म्हणाला. म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क.

इंजिनाच्या उजव्या बाजूची, पॉइंटवरची टोपी उघडली. मला वाटलं आता तो करेल आणि मी टॉर्च धरेन. त्याने पेचकस माझ्या हातात दिला. "गाडी तुझी आहे. पुढच्या वेळी मी नसेन."

मुख्य स्टँडवर गाडी, वरचा गियर, आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत. फट कागदाएवढीही उरली नव्हती. पॉइंटची फायबरची टाच झिजली की असं होतं. फीलर गेजची पाती लावून 0.35 ते 0.40 मिलीमीटर फट ठेवायची. स्क्रू आवळला की फट बदलते, म्हणून परत मोजायचं. मला चार वेळा करावं लागलं. हात काळे, वळणावरून जाणारे ट्रक हॉर्न देत होते, आणि तो शेजारी उकिडवा बसून फक्त "अजून थोडं" एवढंच म्हणत होता. एकदाही हातातून पेचकस घेतला नाही. चौथ्या वेळी म्हणाला, "आता मार."

सुई मध्यावर. डिकॉम्प्रेसर. किक.

तो आवाज घाटात घुमला तेव्हा त्याने माझ्या पाठीत जी थाप मारली ती अजून दुखते आहे. त्याच्या दशम्या आम्ही सिमरोलला खाल्ल्या, ग्रीसच्या हातांनी.

तेजाजी नगरवरून शहरात शिरेपर्यंत दिवे लागले होते. घरापाशी गल्लीत आवाज ऐकूनच आई ताम्हन घेऊन दारात उभी होती. तिने बुलेटच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मित्र स्प्लेंडर वळवून निघायच्या बेतात होता. "थांब रे," आई म्हणाली, आणि तिने त्याच्या धुळीने भरलेल्या स्प्लेंडरच्या दिव्यालाही कुंकू लावलं, "ही तर दोन्ही खेपा चालली आहे."