नागपूरहून महेश्वर: आधी नर्मदेतून, मग पायऱ्यांवरून

महेश्वरचा किल्ला, घाट आणि देवळं एका नजरेत मावतात ती फक्त पात्रातून, म्हणून आधी नाव, मग पायी. गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे, त्यामुळे घाटांचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात दगडावर जवळपास दिवसभर ऊन असतं, पण कोरीवकाम उठून दिसायला तिरपं ऊन लागतं. सकाळी साडेसातच्या सुमारास नावेत बसा, नाहीतर चारनंतर.

नागपूरहून इंदूरची वंदे भारत दुपारी सुटते आणि मध्यरात्रीच्या सुमारास पोचवते. रात्र इंदुरात काढावी लागतेच. पुढचे 90-95 किमी बस किंवा टॅक्सीने. शनिवार-रविवारी सगळं इंदूर घाटावर उतरतं, ते दोन दिवस टाळा. मुक्काम महेश्वरातच करा. त्याशिवाय सकाळची नाव मिळत नाही.

सहा-आठ जण असाल तर माणशी भाडं न देता अख्खी नाव ठरवा. बसण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: कुठवर जायचं, कुठे किती थांबायचं, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का. पात्राच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे. तिथे जागा अगदी थोडी. दोघा-तिघांनीच उतरावं आणि तेही एका बाजूला गर्दी न करता, नाहीतर नाव कलते. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. चप्पल नावेतच ठेवा.

सहस्रधारा, म्हणजे नर्मदा कातळांतून अनेक धारांनी फुटते ती जागा, प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे. जाताना नाव भरभर जाते, परतताना पाणी समोरून येतं आणि वेळ जास्त लागतो. संध्याकाळी निघालात तर अंधार गाठतो. कातळांमुळे नाव थोडी अलीकडेच थांबते. त्या कातळांतून पाणी जोरात खेचतं, तिथे आंघोळ नकोच. वर ओंकारेश्वरचं धरण आहे. विसर्ग वाढला की पातळी चढते, म्हणून नावाडी नाही म्हणाला तर घासाघीस करू नका. पुराच्या दिवसांत हा बेतच आखू नये.

वेळ असेल तर पैलतीरी नावडातोली गाठा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी 1950 च्या दशकात तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरात होती तेव्हाची) घरं, रंगीत भांडी, जळकं धान्य सापडलं. आज दिसतं ते साधं टेकाडच, पण अहिल्याबाईंच्या घाटासमोर तीन हजारांहून जास्त वर्षं जुनी वस्ती होती हे त्या टेकाडावर उभं राहूनच नीट कळतं.

परतल्यावर विठोजी होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, चुकवू नका. 1801 मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने ज्यांना हत्तीच्या पायी दिलं, ते हेच विठोजी. मग वर वाड्यात अहिल्याबाईंची गादी पाहा. मोठेपणाचा कुठलाही बडेजाव नसलेली ती बैठक बघून माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

साडी घ्यायची तर दुकानाआधी रेहवा सोसायटी या हातमाग संस्थेचे माग पाहून घ्या, ही संस्था 1978 पासूनची. खऱ्या माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. उलटून बघा, आणि हातमागाचा शिक्का मागा.