आमची वाटचाल : कॅसेटच्या उरलेल्या जागेपासून आजपर्यंत

आमच्या पुण्यातल्या रेकॉर्डच्या दुकानात नवीन माणूस आला की मी आधी विचारतो, घरी काय काय आहे. बहुतेकांकडून तीच पाच नावं येतात. पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून, ईगल्सचा हॉटेल कॅलिफोर्निया, लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, बीटल्सचा ॲबी रोड, डायर स्ट्रेट्सचा ब्रदर्स इन आर्म्स. पाचही उत्तम, त्यात वादच नाही, मी स्वतः ते आयुष्यभर विकलेत. पण हे पाच झाले की लोकांना वाटतं क्लासिक रॉक संपलं, आणि आमचं काम खरं तिथून सुरू होतं. मधलं काय राहिलंय ते शोधून देणं, हाच आमचा धंदा, पहिल्या दिवसापासून. मुलगी बरेच दिवस मागे लागली होती की बाबा हे सगळं एकदा लिहून काढा, म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात १९८३ ची. मी आणि माझा पार्टनर, त्याला सगळं कॅम्प भाऊच म्हणायचं. ईस्ट स्ट्रीटजवळ एका जिन्याखालची जागा, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आम्ही कॅसेट भरून द्यायचो, म्हणजे रेकॉर्डवरची गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून. तेव्हा सगळीकडे तेच चालायचं कारण परदेशी रेकॉर्ड इथे सगळ्या निघायच्याच नाहीत, डमडमच्या फॅक्टरीत छापलेल्या एचएमव्हीच्या होत्या, पॉलिडोरच्या होत्या, पण कंपनीला जे खपेलसं वाटायचं तेवढंच बाहेर यायचं. बाकीचं सगळं कोरेगाव पार्कातून. तिथल्या रजनीशांच्या आश्रमात वर्षं काढलेले परदेशी लोक परत जायला निघाले की सामान विकून टाकायचे, त्यात रेकॉर्ड असायच्या. भाऊ सायकलवर जाऊन घेऊन यायचा. द बँड, फ्री, ट्रॅफिक, ऑलमन ब्रदर्स ही नावं पुण्यात कित्येकांनी आमच्या जिन्याखाली पहिल्यांदा ऐकली, हे मी छातीठोकपणे सांगतो.

भाऊकडे कॅसेट भरायला मस्कतहून आलेला नाकामिची कंपनीचा डेक होता. त्या डेकला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. रोज सकाळी कापसाच्या बडवर स्पिरिट घेऊन टेप वाचणारं हेड पुसायचा, टेप ओढणारा कॅप्स्टन पुसायचा, रबराचा रोलर पुसायचा, मग डोळे मिटून ड्रमच्या झांजांचा, हाय-हॅटचा आवाज ऐकत बारीक स्क्रू ड्रायव्हरने ॲझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, लावायचा. झांजेची धार आली की थांबायचा. आजकाल लोक हजारोंचे डेक घेतात आणि हेड वर्षानुवर्षं पुसत नाहीत, मग म्हणतात कॅसेटला ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला बारीक आवाज, नसतो. अहो ट्रेबल टेपवर आहे, तुमच्या हेडवर मळ आहे.

आणि आमच्या सगळ्या धंद्याची मेख त्या टेपमध्येच होती. सी-९० कॅसेट म्हणजे एका साइडला ४५ मिनिटं, म्हणजे एका साइडला एक अल्बम. पण डीप पर्पलचा मशीन हेड घ्या, १९७२ चा, तो ३८ मिनिटांच्या आतच संपतो. उरलेल्या सात मिनिटांचं काय? बाकीचे भरून देणारे तिथे कोरी टेप सोडायचे, नाहीतर पुढच्या अल्बमचं गाणं अर्धवट घुसडायचे. भाऊ तिथे गिऱ्हाइकाने कधी न मागितलेलं एक गाणं टाकायचा. पर्पलवाल्याला फ्रीच्या फायर अँड वॉटरमधलं एखादं, फ्लॉइडवाल्याला ट्रॅफिकचं, ईगल्सवाल्याला द बँडचं. चार दिवसांनी तोच माणूस परत, "भाऊ, ते शेवटी काय होतं हो?" मग तो अख्खा अल्बम भरून जायचा. ही युक्ती पुढे कुणी कुणी स्वतःच्या नावावर खपवली पण ती भाऊची आहे, इथे लिहून ठेवतो.

भाऊ नंतर मस्कतला भावाकडे गेला, डेक माझ्याकडे ठेवून गेला. मग सीडी आल्या, एमपीथ्रीच्या चकत्या आल्या, मग परत लोकांना रेकॉर्ड हव्याशा झाल्या, आम्ही होतोच. ती वर्षं बरी गेली, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

सांगायचंय ते २०१९ चं. २५ सप्टेंबरची रात्र, पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आंबिल ओढा फुटल्यासारखा आला. आमचं गोडाऊन सहकारनगरच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर. त्या रात्री तिकडे माणसं गेली, अरण्येश्वरला भिंत पडली, त्यापुढे आमच्या नुकसानीचं काय मोठंसं, हे मला कळतं. पण धंदा म्हणून सांगायचं तर कंबर मोडली. सकाळी शटर उघडलं तर आत गुडघाभर गाळ आणि खालच्या तिन्ही फळ्या पाण्यात. हजारावर रेकॉर्ड. कव्हरं एकमेकांना चिकटून त्याचा लगदा झालेला, आतली कागदी पाकिटं रेकॉर्डवर चामडीसारखी बसलेली. विमा होता तो दुकानाच्या पत्त्यावर, सर्व्हेअर आला, गोडाऊन पॉलिसीत नाही म्हणाला आणि गेला. बँकेचा हप्ता उभा. बायकोने बांगड्या काढून दिल्या, मी त्या ठेवून घेतल्या नाहीत, पण तिने काढल्या होत्या हे विसरणार नाही.

भंगारवाला किलोने न्यायला तयार होता. पण कव्हर गेलं म्हणजे रेकॉर्ड गेली असं नसतं. रेकॉर्डच्या प्लास्टिकला, विनायलला, पाण्याने काही होत नाही, खराबी करतो तो गाळ. गाळात वाळू असते, ओली रेकॉर्ड फडक्याने पुसली की ती वाळू खाचांवर घासते आणि मग कायमची खरखर. म्हणून आधी नुसतं पाणी सोडायचं, हात न लावता, गाळ आपोआप निघेपर्यंत. लेबलची शाई पसरते, त्यासाठी लेबलच्या मापाची प्लास्टिकची दोन झाकणं दोन्ही बाजूंनी रबरी चकती लावून दाबून धरायची. मग बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्याहून जास्त नाही, आणि मखमलीच्या पॅडने खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. परत डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं आणि भांड्यांच्या जाळीत उभी करून सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली की वाकली म्हणून समजा. नळाचं पाणी शेवटी वापरू नका, क्षार खाचेत बसतात.

या कामाला माझ्याबरोबर कोण होतं तर खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले आमचे काका. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, जिन्याखालच्या काळापासून, पगाराच्या दिवशी हमखास. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही. डाव्या पानावर आहे ते, उजव्या पानावर नाही ते, वर्षाप्रमाणे. १९६८ च्या पानावर बीटल्सचा व्हाइट अल्बम डावीकडे आणि उजवीकडे किंक्सचा व्हिलेज ग्रीन. दोन्ही इंग्लंडात एकाच दिवशी आले, २२ नोव्हेंबरला, एक जगभर गेला आणि दुसरा तेव्हा कुणी विचारलासुद्धा नाही. काका म्हणायचे, उजवं पान वाचलं की कळतं आपण काय ऐकलं नाही. पुरानंतर ते रोज बसने यायचे, चहाखेरीज काही घ्यायचे नाहीत आणि संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड धुवायचे.

धुतलेली पहिली रेकॉर्ड लावली ती ऑलमन ब्रदर्सची ॲट फिलमोर ईस्ट, १९७१ ची, डबल अल्बम, कव्हर पार गेलेलं. चौथी साइड लावली, अख्ख्या साइडभर एकच गाणं, तेवीस मिनिटांचं. सुई टेकली, दोन-चार टकटक आवाज झाले, आणि मग सुरुवातीचा तो बास आला, स्वच्छ. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांचा गिटारवाला डुएन ऑलमन हा अल्बम निघाल्यावर तीन-चार महिन्यांत मोटरसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. ज्याच्याकडे हा अल्बम नाही त्याने बाकी सगळं नंतर घ्यावं, आधी हा घ्यावा.

आता एका माणसाबद्दल. नाव घेत नाही, पण कॅम्पात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमच्याकडेच रेकॉर्ड घेत घेत शिकला, ग्रेडिंग कसं करायचं, म्हणजे रेकॉर्डची हालत कशी ठरवायची, रनआउटमधले, म्हणजे लेबलच्या कडेच्या कोऱ्या पट्टीतले नंबर कसे वाचायचे, सगळं मी उभं राहून दाखवलं. पुढे स्वतःचं दुकान काढलं, काढू दे, बाजार सगळ्यांचा आहे. पण आम्ही गाळात हात घालून बसलो होतो तेव्हा याने व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर टाकलं की अमुक दुकानातून घेऊ नका, सगळा पुराचा माल आहे, सुई खराब होईल. आम्ही काही लपवलं होतं का? प्रत्येक रेकॉर्डवर चिठ्ठी होती, "पुरातली, धुतलेली, मूळ कव्हर नाही", आणि गिऱ्हाइकासमोर दोन्ही बाजू वाजवून मगच पैसे. तरी दिवाळीत दुकानात कुणी फिरकेना.

आणि त्याहून पुढचं ऐका. पैशाची अडचण होती म्हणून एक गठ्ठा मी जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला अगदी पडेल भावात दिला. काही महिन्यांनी एक मुलगा स्टिकी फिंगर्स घेऊन आला, साहेब हिचं मोल सांगा. रोलिंग स्टोन्सचा १९७१ चा अल्बम, ज्याच्या मूळ कव्हरला खरी चेन असते. याच्या कव्हरला चेनचा नुसता फोटो, तोही कलर झेरॉक्स, पुठ्ठ्यावर डकवलेला. त्या माणसाच्या दुकानात "ओरिजनल" म्हणून भरभक्कम पैसे मोजले होते पोराने. रेकॉर्ड बाहेर काढली तर लेबलवर भोकाच्या शेजारी माझ्या हातची पेन्सिलची खूण, धुतल्याची तारीख. म्हणजे ज्या मालाला तो सुई खराब करणारा म्हणत होता तोच माल त्याने फिरवून घेतला, झेरॉक्स चिकटवली आणि विकला. मी त्या मुलाला खूण दाखवली. तो परत गेला, पैसे मिळाले नाहीत. काकांनी ही हकीकत सगळ्या ग्रुपांवर स्वतःच्या नावाने टाकली, फोटोसकट, आणि तिथून लोक आमच्याकडे परत यायला लागले. त्या माणसाने आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही. मी वाट बघतोय.

आता तो "जगातले सर्वश्रेष्ठ शंभर अल्बम" असे पॅकेज विकतो. लोक घेतात. पण तुमच्याकडे काय आहे हे न विचारता कुणी यादी हातात देत असेल तर तो स्टॉक मोकळा करतोय. संग्रहातली मोकळी जागा प्रत्येकाची वेगळी असते. डार्क साइड आहे ना, मग त्याच्या दोन वर्षं आधीचा मेडल घ्या, १९७१ चा, दुसरी साइड पूर्ण एकच रचना, डार्क साइडची वाट तिथून निघते. मग ॲनिमल्स, १९७७. फ्लॉइडचाच द वॉल घाईने घेऊ नका. झेपेलिनचा चौथा आहे तर तिसरा घ्या, फिरत्या चकतीच्या कव्हरचा, लोक त्याला हळू म्हणून बाजूला ठेवतात आणि चुकतात. आणि फिजिकल ग्राफिटी तर हवीच. हॉटेल कॅलिफोर्नियावाल्यांनी बर्ड्सचा स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ ऐकावा, १९६८ चा, म्हणजे ईगल्स कुठून आले ते कळेल, आणि त्याच्या शेजारी द बँडचा दुसरा, तपकिरी कव्हरचा, १९६९ चा.

क्वीनचं मला वाईट वाटतं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, सेंट पीटर्समध्ये, आपल्या हाकेच्या अंतरावर, आणि लोकांकडे काय तर ग्रेटेस्ट हिट्स. क्वीन टू घ्या, १९७४ चा, मग अ नाइट ॲट द ऑपेरा. तसंच द हू या बँडचं. त्यांच्या हूज नेक्स्टच्या पहिल्याच गाण्याच्या नावात जे "बाबा" आहेत ते आपल्या पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा, द हूचा गिटारवाला पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. जानेवारीअखेर अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, त्यांच्या समाधीच्या दर्शनाला मेहेराबादला येणारे परदेशी लोक पुण्यातून जाता-येता आमच्याकडे डोकावतात आणि हा अल्बम हातात घेऊन उभे राहतात. पुण्यातल्या माणसाकडे तो नसावा? क्रीडन्सचा कॉस्मोज फॅक्टरी, विशबोन ॲशचा आर्गस, जेथ्रो टलचा ॲक्वालंग हे मागच्या पिढीच्या घरी असायचेच, आता मुलं नाव विचारतात.

अजून एक, रेकॉर्डचं वजन १८० ग्रॅम लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. वजनाने आवाज येत नाही, मास्टरिंगने येतो, म्हणजे छापण्याआधी आवाज कसा बसवलाय त्याने. आणि ते सूटकेसवाले प्लेअर घेऊ नका, त्यातली सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, रेकॉर्डला पाच-सहा ग्रॅमने दाबते, चांगली कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आत-बाहेर चालते. रेकॉर्ड महाग आणि प्लेअर स्वस्त हा हिशेब कुणी शिकवला तुम्हाला?

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, जिने चढवत नाहीत, वही मुलीच्या हाती पाठवतात. उजव्या पानावर अजून लव्ह या बँडचा फॉरएव्हर चेंजेस बाकी आहे, १९६७ चा, त्यांना मूळ प्रेसिंगच, म्हणजे तेव्हाच छापलेली रेकॉर्डच हवी, नंतर पुन्हा काढलेली रीइश्यू दाखवली तर वही बंद करतात. कुणाकडे असेल, चांगल्या हालतीत, तर आधी आम्हाला सांगा, भाव योग्य देऊ. दुकान सोमवारी बंद, बाकी दिवस अकरापासून. येताना घरी काय आहे ते लिहून आणा, आणि टर्नटेबल आणलंत तर कार्ट्रिजचं वजन लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.