कोल्हापूर ते श्रीनगर, रेल्वेनं, ऐन जानेवारीत

महिनाभर आमच्या घरात फक्त बर्फाची चर्चा चालली होती. बूट कुठले, मोजे किती, हातमोजे लोकरीचे की रेक्झिनचे. आणि बर्फानं आम्हाला एक मिनिटही अडवलं नाही. अडवलं ते धुक्यानं, तेही ग्वाल्हेर ते जालंधरच्या सपाट मुलखात, जिथं आमचं काही कामच नव्हतं. त्यामुळे हा वृत्तांत मुख्यतः धुक्याचा आहे. काश्मीर शेवटी येतं.

आम्ही तिघं: मी, बायको आणि अडुसष्ट वर्षांची आई. विमानानं जायला आई तयार नव्हती. "खाली कोण राहतंय, काय पिकतंय, काहीच दिसत नाही," हे तिचं कारण, आणि मला ते पटलं.

कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला थेट गाडी आहे, पण आठवड्यातून एकदाच. आमच्या तारखा बसल्या नाहीत. मग नेहमीचा मार्ग, आधी मिरज गाठायची. आमच्या स्टेशनच्या नावातच टर्मिनस आहे, रूळ इथंच संपतात. मिरजेचा फाटा १८९१ साली आला आणि वैभववाडीला उतरणारी रेल्वे मी शाळेत असल्यापासून 'येणार' आहे. मिरजेहून गोवा एक्सप्रेस रोज मिळते. रात्री बसायचं, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा करत तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन. पुढं नवी दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं कटरा आणि कटऱ्याहून वंदे भारतनं श्रीनगर. कागदावर फार देखणं दिसत होतं.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. आईचं तिकीट मुद्दाम वेगळं, ज्येष्ठांच्या कोट्यातून काढलं, म्हणून खालचा बर्थ मिळाला. तिघांचं एकत्र काढलं असतं तर तो कोटा लागला नसता. डबा थर्ड एसी. स्लीपरला माझा विरोध नाही, भोपाळपर्यंत तर तोच छान. पण जानेवारीत झाशीच्या पुढं बंद खिडकीच्या फटीतून जो वारा येतो तो कानात सुरीसारखा शिरतो, आणि स्लीपरमध्ये ना चादर मिळते ना कांबळं.

आईनं पट्टणकोडोलीचं घोंगडं घेतलं होतं. मी म्हटलं, "आई, थर्ड एसीत ब्लँकेट देतात." ती म्हणाली, "त्यांचं त्यांना असू दे." वजन सुटकेसच्या निम्मं. खाण्यात दशम्या, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि जयसिंगपूरचं भडंग. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या तर थंडीत तीन दिवस आरामात टिकतात. भाकरी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी तिची कौलं होतात.

पहिली रात्र झोपेत गेली. दिवसाचा प्रवास मात्र डोळे उघडे ठेवून करावा असा आहे. भुसावळ सोडल्यावर सावदा, रावेर, बऱ्हाणपूरपर्यंत दोन्ही बाजूंनी केळीच केळी. ऊस बघून बघून डोळे मेलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना तेवढाही बदल मोठा वाटतो. संध्याकाळी इटारसीनंतर नर्मदेचा पूल आला. सूर्य नेमका बुडत होता. डब्यातले निम्मे लोक उठून दाराशी गेले, नाणी पडली, आईनं बंद काचेतूनच हात जोडले.

समोरच्या बर्थवर गडहिंग्लजकडचा एक जवान होता, सुट्टी संपवून ड्यूटीवर निघालेला. त्यानं एक गोष्ट सांगितली ती पुढं दहा दिवस उपयोगी पडली: मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी ठेवायची, दिवसा ती पायात घालायचीच नाही. दिवसाचे मोजे घामानं दमट होतात आणि रात्री तेच पाय गोठवतात. दोन जाड मोजे एकावर एक चढवून बूट आवळण्यापेक्षा एकच घाला, बोटं हलली पाहिजेत.

रात्री दीड-दोनला गाडी रांगायला लागली. काचेबाहेर काही नाही. काळोखसुद्धा नाही, नुसतं राखाडी काहीतरी, आपल्याच दिव्यानं उजळलेलं. आणि चाकाखालून एकदम फाट्! लगेच दुसरा, फाट्! आई उठून बसली. तिला वाटलं गोळीबार.

"मावशी, भिऊ नगासा. रुळावरचं फटाकं हायत ते," जवान म्हणाला.

धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दोन फटाके बांधतात. चाक गेलं की ते फुटतात आणि चालकाला कळतं, सिग्नल जवळ आला. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं यंत्रही असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते दाखवणारं. तरी दाट धुक्यात ते यंत्र असूनसुद्धा वेगाची मर्यादा ताशी ७५ किलोमीटर. एक गाडी हळू झाली की मागची सगळी रांग हळू. आपल्याकडे आंबोलीत धुकं येतं ते वाऱ्याबरोबर येतं आणि जातं. तिकडचं जमिनीतूनच उठतं. पाणी पाजलेली गव्हाची शेतं, निरभ्र रात्र, वारा ठप्प. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत ते हलत नाही, आणि काही दिवस सूर्यच दिसत नाही.

सकाळी साडेसहाच्या सुमारास पोचणारी आमची गाडी दुपारी पावणेएकला पोचली. सहा तास. पुढची गाडी रात्रीची होती, म्हणून आम्ही शहाणे ठरलो. शहाणपण तेवढ्यावरच संपलं. मी दिल्लीत बारा तास मोकळे ठेवले होते, पण कटऱ्यात दोनच. धुकं दिल्लीपर्यंतच असतं असं का वाटलं कुणास ठाऊक. पंजाब आख्खा तसाच पांढरा होता. कटऱ्याला पहाटे पोचायचं ते सकाळी दहा वाजले. श्रीनगरची गाडी आठच्या सुमारास निघून गेली होती.

पैसे गेले, आणि ती चूक माझीच. दोन्ही तिकिटांचे पीएनआर आयआरसीटीसीवर एकमेकांना जोडून ठेवले असते, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली म्हणून परतावा मागता आला असता. मी जोडलेच नव्हते. उशिराचा दुसरा नियमही माहीत असू द्या: तुम्ही जिथं चढणार तिथंच गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं रद्द केलंत, तर पूर्ण पैसे मिळतात. पण त्यासाठी गाडी तिथून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. ती सुटल्यावर जागे झालात तर हात चोळत बसा. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी धुक्यामुळे रद्द केलेल्या गाड्यांची यादी रेल्वे आधीच काढते. आरक्षण करण्यापूर्वी ती बघा.

कटऱ्यात एक दिवस अडकलो. मी वैतागलेलो, आई खूश. तिचं म्हणणं, वैष्णोदेवीच्या दारावरून तिला न भेटता निघालो होतो, म्हणून तिनंच थांबवलं. "आपल्या अंबाबाईच्या दारावरून पाव्हणं असं गेलं असतं तर तिला चाललं असतं का?" यात्रेचं कार्ड काढलं, आई घोड्यावर, आम्ही दोघं पायी. पायथ्यापासून बारा-तेरा किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या धरल्या. पण खरं सांगायचं तर कटऱ्याचा मुक्काम कार्यक्रमात मुळातच असायला हवा होता. हिवाळ्यात जाणाऱ्यानं तो धराच.

आणखी एक. पठाणकोट ओलांडून जम्मूच्या हद्दीत शिरलात की आपल्याकडचं प्रीपेड सिम मुकं होतं. पोस्टपेड चालतं. बायकोचा फोन पोस्टपेड होता म्हणून सगळी तिकिटं, हॉटेलचा पत्ता, टॅक्सी तिच्या हातात गेली. पुढचे सहा दिवस मी नुसता हमाल.

वंदे भारतला सामान तपासणीत वेळ जातो, तास-दीड तास आधी पोचा. आम्ही गेलो तेव्हा चेअर कारचं भाडं सातशेच्या आसपास होतं. वेळा आणि सुटण्याचं स्टेशन तिकीट काढताना पुन्हा बघा, या मार्गावर बदल होत असतात. डबा उबदार असतो. चालकाच्या समोरच्या काचेलासुद्धा तापवायची सोय आहे, म्हणजे तिच्यावर बर्फ धरत नाही.

ज्यांना वाटतं की तीन तास खिडकीतून दऱ्या दिसतील, त्यांनी आधीच ऐकून ठेवावं: कटरा ते बनिहाल १११ किलोमीटर आहे आणि त्यातले ९७ बोगद्यांत. आधी अंजी खड्डचा तारांचा पूल येतो, मग रियासी, मग चिनाबचा. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, पण गाडीतून ती प्रसिद्ध कमान दिसत नाही, कारण ती तुमच्या पायाखाली असते. दिसतं ते खाली हिरव्या दोरीएवढं पाणी, आणि मिनिटभरात पुन्हा काळोख. मोबाईल काढून उघडेपर्यंत पूल संपला. चिनाब बघायचाच असेल तर मोबाईल खिशात ठेवा.

खरी गंमत बनिहालनंतर. पीर पंजालचा ११ किलोमीटरचा बोगदा, २०१३ पासून चालू असलेला. बोगद्याच्या अलीकडे डोंगरउतारावर बर्फाचे तुकडे तुकडे होते, मध्ये काळी माती. बोगद्यात दहाएक मिनिटं आपलीच तोंडं काचेत. आणि काझीगुंडला बाहेर पडलो तर सगळा मुलूख पांढरा, सपाट, चिनारांची काळी खोडं, एका घराच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. डब्यात कुणी बोलेना. आईनं चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्या दिवशी खालचा जम्मू-श्रीनगर रस्ता बंद होता हे आम्हाला श्रीनगरला उतरल्यावर कळलं. गाडी वेळेवर होती!

श्रीनगरबद्दल थोडकंच. स्टेशन नौगामला, शहराच्या बाहेर आहे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे तिकडचा चिल्ले कलान, सगळ्यात कडक थंडी. खोली घेताना 'गरम पाणी आहे का' एवढंच विचारू नका. रात्रभर खोली तापवतात का, वीज गेली तर काय, आणि त्याचे पैसे वेगळे का, हे तिन्ही विचारा. आम्ही पहिलंच विचारलं होतं. खोबरेल तेल आपल्याकडे थंडीत थिजतं, तिथं त्याचा दगड झाला. आई रोज बाटली कांगडीजवळ, म्हणजे तिकडच्या निखाऱ्यांच्या शेगडीजवळ, धरून बसायची. सकाळी हरीसा खाल्ला. मटण रात्रभर घोटून केलेला, वर कडकडीत तेल. पांढऱ्या रश्शावर वाढलेल्या माणसालाही मान्य करावं लागेल असा पदार्थ. मात्र सकाळी लवकर जा, नऊ-दहापर्यंत संपतो.

घोंगड्याचं काय झालं? निजामुद्दीनच्या फलाटावर त्यानं आम्हा तिघांना वाचवलं. श्रीनगरात आई ते पांघरून बर्फात उभी राहिली, ते भिजलं, दोन दिवस वाळलं नाही आणि खोलीत मेंढवाड्याचा वास सुटला.

परतताना पुन्हा धुकं, पुन्हा उशीर. या खेपेला दिल्लीत आणि कटऱ्यात एकेक रात्र ठेवली होती, त्यामुळे काही चुकलं नाही. फक्त मिरजेचा विचार करायचा राहिला. रात्री दहाच्या आसपास यायचं ते अडीचला आलो, आणि कोल्हापूरला न्यायला गाडी सांगून ठेवली नव्हती. तुम्ही ठेवा. आम्ही सकाळच्या पॅसेंजरपर्यंत फलाटावर बसून होतो. आईनं घोंगडं अंथरलं, उरलेलं भडंग काढलं आणि म्हणाली, "इथं काय थंडी नाही बाई."